बाबाची नाईट आहे

आमच्या लाइनीत "नाईट आहे" म्हटलं की भांडणसुद्धा थांबे. थापा नाही मारून राहिली, डोळ्यानं पाह्यलं आहे. सेक्टर 2 मधल्या आमच्या क्वार्टरसमोर दोन बाया नळाच्या पाण्यावरून एकमेकीच्या सात पिढ्या उद्धरून राहिल्या होत्या. मी खिडकीतून नुसतं म्हटलं, "अवं, यायची नाईट आहे," तर दोघी तिथल्या तिथं चूप झाल्या अन् उरलेलं भांडण डोळे वटारून केलं. भाजीवाला आमच्या घरापाशी आला की हाक गिळून घे. पोट्टे बॅट-बॉल उचलून मागच्या लाइनीत जात. रात्रभर प्लांटात तापलेल्या लोखंडाजवळ उभा राहून आलेला माणूस दिवसा झोपते, त्याची झोप मोडू नये, हे आमच्याकडं कोणाले शिकवा लागत नाही.

माझं घर तर याच्यात पहिल्या नंबरचं. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची, एक आठवडा नाईट, असं चाक फिरत राहे. नाईटच्या आठवड्यात आमचे हे घरी येण्याच्या अगोदर मी कुकरच्या सिट्ट्या उरकून घेत होती. बेलचं बटन बंद. आतल्या खोलीच्या खिडकीले खाकी कागद चिकटवलेला, भर दुपारी तिथं आपला हात आपल्याले दिसत नसे. पोरगी चालाले लागली तशी ओठावर बोट ठेवूनच चालाले लागली. पाहुणे म्हणत, "काय शहाणी पोट्टी आहे वं तुझी!" मले असा गर्व वाटे की विचारू नका. चूप लेकरू म्हणजे शहाणं लेकरू, असं समजणारी मी काही एकटी नव्हती, पण मी त्यातली पक्की होती.

अन् हे कोण सांगून राहिलं, तर एक नंबरची बोलभांड बाई. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या शेतीवालं. तिथं आम्ही या बांधावरून त्या बांधावर ओरडूनच बोलत होतो. लग्न होऊन भिलाईले आली तर नवरा स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये, अन् घरात तिसऱ्या आठवड्याले कुजबुज. मले राग लवकर येते, अन् आला की तोंडावर ताबा राहत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याले, असं माझी सासू माझ्याबद्दल म्हणे. सासूचं सारं काही मी मानत नाही, पण हे खरं म्हणे.

पोरगी दुसरीत होती त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या बाबायचं बिनसलं. बिनसलं म्हणजे नेमकं काय, हे मले कैक दिवस समजलंच नाही. पहिले घबराहट सुरू झाली. ड्युटीले निघत, अन् चौकातून वापस येत. गॅस बंद आहे का पाहत. पुन्हा निघत, पुन्हा येत. थंडीच्या दिवसात कपाळाले घाम. एकदा त्यायच्या सोबत काम करणाऱ्या माणसानं सांगतलं, "भाभी, भाऊ आज गेटसमोर गाडी घेऊन अर्धा तास उभे होते, आत आलेच नाही." अन् एका सोमवारी ते उठलेच नाही. म्हणजे जागे होते. डोळे उघडे होते. पण उठले नाही.

लोक विचारत, झालं काय? अरे बापा, मीही तर तेच विचारत होती! कोणी मेलं नव्हतं. आमचं भांडण झालं नव्हतं. प्लांटात कोणी काही बोललं नव्हतं. एखादं कारण असतं ना, तर मी जाऊन त्या कारणाच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण कारणच नव्हतं. एक चांगला हसता-खेळता माणूस, पोरीले खांद्यावर बसवून बाजार फिरवणारा, तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. अन् मी काय केलं? मी त्याच्यावर ओरडली. "उठा ना! आंघोळ तरी करा! लोकायचे नवरे काय असे लोळत राहतात का?" ते म्हणत, "मले माफ कर." एवढंच. दिवसातून चार वेळा. मले त्या माफीचाच राग ये. आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होते.

मेडिकलची रजा टाकली. अन् मंग एक दिवस पोरीनं विचारलं. मी पोळ्या लाटून राहिली होती. ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं, आतल्या खोलीत डोकावली अन् माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, बाबा कावून झोपून राहिले?"

"नाईट आहे," मी म्हटलं.

बस. हातातली पोळी तव्यावर पडाच्या आत तोंडातून निघून गेलं. इतकं सोपं खोटं मी जन्मात बोलली नव्हती. त्याच्यासाठी नवीन काही करा लागलं नाही. खिडकीले कागद होताच, बेल बंद करता येत होती, पोरीले चूप राहणं येत होतं. शेजारीपाजारीही तेच सांगतलं. त्यायच्या खात्यातला तो सोबतचा माणूस दूर खुर्सीपारच्या वस्तीत राहे, आमच्या लाइनीत त्यायच्या मिलचं कोणी नव्हतं, त्याच्यामुळं विचारणारंही कोणी नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी मनाशी म्हटलं, अन् वरून स्वतःलेच हुशार समजली.

आठ दिवस झाले तशी पोरीनं बोटं मोजली. "नाईट तर एकच आठवडा असते ना?"

"आता मोठी नाईट लागली आहे. तू झोपली का बाबा जातात, अन् तू उठाच्या अगोदर येऊन झोपतात."

"मोठी म्हणजे किती मोठी?"

"साहेबाले माहीत! जा, अभ्यास कर!" माझा आवाज चढला तशी ती गेली.

मंग तर मी अशी अक्कल चालवली की काय सांगू. त्यायचा प्लांटचा ड्रेस, जो महिनाभर अंगाले लागला नव्हता, तो मी आठवड्यातून दोनदा पाण्यातून काढून अंगणातल्या तारेवर वाळत घालत होती. लोकायनं पाहावं, पोरीनं पाहावं. वाळला का घडी घालावी, चार दिवसानं पुन्हा भिजवावा. शेजारीण म्हणे, "काय पांढराशुभ्र धुते तू, आमच्या ड्रेसची धूळ काही जात नाही." मी हसत होती. तिच्या नवऱ्याच्या ड्रेसले धूळ होती, म्हणून मले तिचा हेवा वाटे. असा वेडा हेवा कोणाले कधी वाटला असन का?

पोरीनं विश्वास ठेवला, असं मले वाटलं. विश्वास काय, ती तर कामालेच लागली. फाटकाबाहेर चपला काढून हातात घे अन् घरात ये. मैत्रिणी आल्या का बाहेरच अडवे. "धीरे बोलो ना, पापा की नाइट है." नळ सोडे तर पाण्याची नुसती धार, आवाज न करणारी. मले हाक मारणं तिनं बंद केलं. काही पाहिजे असलं का येऊन माझा पदर ओढे अन् बोटानं दाखवे. हसू आलं तर तोंडावर हात. मले तर बापा सोयीचंच वाटलं. घरात एक माणूस असा पडलेला, अन् लेकराचा काही त्रास नाही. मी देवाले म्हटलं, एवढं तरी बरं केलं.

जानेवारीत शाळेतून बोलावणं आलं. शाळा सेक्टर 10 च्या बाजूले होती. मॅडम साध्या होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. म्हणाल्या, "आपकी बेटी क्लास में कुछ बोलती नहीं. हाज़िरी में भी सिर्फ़ हाथ उठाती है. पहले तो ऐसी नहीं थी. घर में कोई बात है क्या?"

घरात काय बात आहे, हे सांगाले देवानं समोर ताट वाढून ठेवलं होतं. मी म्हटलं, "नहीं मैडम, वो उसके पापा की नाइट चल रही है ना." अन् वरून मॅडमचा राग आला, यायले काय करा लागते आमच्या घरातलं! घरी येऊन तो राग पोरीवर काढला. "शाळेत तोंडात काय गूळ धरून बसते का वं? मॅडमले उत्तर द्याले काय झालं?" पोरगी माझ्याकडं पाहत राहिली. तिनं आतल्या खोलीच्या दाराकडं बोट दाखवलं, मंग ओठावर बोट ठेवलं. मलेच गप्प केलं तिनं.

फेब्रुवारीत साध्या तापाच्या डॉक्टरनं आमाले चिठ्ठी देऊन मनाच्या डॉक्टरकडं पाठवलं. पोरीचे बाबा तोपर्यंत अर्धे झाले होते. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं घाई केली नाही. त्यायच्याशी अर्धा तास बोलली, मंग मले आत बोलावलं अन् सांगतलं, हे डिप्रेशन आहे, त्याच्या जोडीले घबराहटीची बिमारी आहे, गोळ्या आहेत, वेळ लागतो. मी म्हटलं, "पर डॉक्टर, हुआ क्यों?" ती म्हणाली, शुगर झालेल्या माणसाले तुम्ही असं विचारता का?

मंग ती म्हणाली, "घर में बच्चे हैं?"

"एक बेटी. सात साल की."

"उसको क्या बताया है?"

मी सांगतलं. नाईटचं, मोठ्या नाईटचं, तारेवरच्या ड्रेसचंसुद्धा सांगतलं. मले वाटलं ती हसन. ती हसली नाही. ती जे म्हणाली ते मले आजही पाठ आहे. लेकरायले दिसत नाही असं समजू नका, म्हणाली. त्यायले सारं दिसते, फक्त कारण सापडत नाही. आपण खरं कारण दिलं नाही, तर ते स्वतःचं एक बनवतात, अन् लेकरानं बनवलेलं कारण बहुतेक करून एकच राहते, की मीच काहीतरी केलं. बिमारीचं नाव घेऊन सांगा. तुझ्यामुळं झालं नाही हे सांगा. बरं करणं तुझं काम नाही, ते डॉक्टरचं अन् आईचं काम आहे, हेही सांगा. कधी बरे होतील विचारलं तर खोटी तारीख देऊ नका.

"इतनी छोटी है, डर जाएगी," मी म्हटलं.

"डरी हुई तो है ही," ती म्हणाली. "अकेली डरी हुई है."

आता लाइनीतल्या नवीन पोरी कधीमधी माझ्याकडं येतात. कोणाचा नवरा असा बिमार, कोणाची सासू, एकीची तर स्वतःचीच गोळी चालू आहे. विचारतात, काकू, लेकराले काय सांगावं? मी त्या डॉक्टरणीचं सारं सांगते, घोटून घोटून सांगते. त्यायले वाटते मी फार समजदार बाई आहे.

पण "सांगा" म्हणणं सोपं, सांगणं नाही. मले आठ दिवस लागले. कणकेसमोर बोलून पाह्यलं, तुळशीसमोर बोलून पाह्यलं. शब्दच सापडेना. आमच्या घरात या बिमारीले एकच शब्द होता, पागल, अन् तो मले जिभेवरही नको होता. उदास म्हणावं तर ते सिनेमातलं वाटे. शेवटी मी पोरीच्या बाबायलेच विचारलं. गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, ते तसेच पडून राहत. "पोरीले सांगू का तुमचं?"

मंग भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "सांग. तिले एवढं सांग का बाबा आळशी नाही."

मी मोरीत जाऊन नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात रडाचं, हेही आमच्या घरातलं शिक्षण.

मार्चची दुपार होती. पोरीले शाळेतून स्कुटीवर आणून राहिली होती. मी ठरवलं होतं, स्कुटीवरच सांगाचं. ती मागं बसलेली, मी रस्त्याकडं पाहणार, एकमेकीचं तोंड दिसणार नाही. बोलभांड बाईलेही तोंड लपवाले जागा लागते.

"बाबाची नाईट नाही आहे," मी रस्त्याले म्हटलं. "ऐकून राहिली का? बाबा बिमार आहेत. ताप नाही, खोकला नाही. मनाची बिमारी आहे. डिप्रेशन म्हणतात तिले. त्याच्यात उठावंसं वाटत नाही, जेवावंसं वाटत नाही, भीती वाटते, रडू येते. तू त्यायले आवडते, पण ते दाखवाची ताकद आता त्यायच्यात नाही. बाबा आळशी नाही आहेत. डॉक्टर औषध देऊन राहिल्या आहेत. मी आहे. तुले काही करा लागत नाही." तिचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती होते, घट्ट. "अन् हे तुझ्यामुळं झालं नाही."

तिनं हात सोडले.

मी घाबरून ब्रेकच मारला. रस्त्याच्या कडेले उसाच्या रसाची गाडी होती, तिच्याजवळ स्कुटी लावली. पोरीले खाली उतरवलं. तिचं तोंड पाह्यलं. ते रडलेलं नव्हतं, घाबरलेलं नव्हतं. परीक्षेत चुकीचं उत्तर लिहून आलेल्या पोरीचं असते तसं होतं.

"मले माहीत होतं नाईट नाही," ती म्हणाली. इतक्या हळू की रसाच्या गाडीच्या घुंगराच्या आवाजात मले तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"कसं माहीत होतं?"

"बाबा नाईटवरून आले का डब्यात माझ्यासाठी कँटीनचा समोसा राहे. मी रोज सकाळी डबा उघडून पाहत होती."

माय वं! चार महिने ही पोर रोज सकाळी रिकामा डबा उघडून पाहत होती, अन् मी तारेवर ड्रेस वाळत घालत होती!

"मंग मले म्हटलं कावून नाही?"

"तुले वाईट वाटलं असतं. पण आई, माझ्यामुळंच झालं आहे. मी ताट पाडलं होतं."

"कोणतं ताट?"

तिनं सांगतलं. दिवाळीच्या अगोदर बाबाची खरी नाईट होती. दुपारी ती स्वयंपाकघरात एकटीच शाळा-शाळा खेळून राहिली होती, अन् मोठं स्टीलचं ताट फळीवरून पडलं, गरगरत राहिलं, थांबेच ना. आतल्या खोलीत बाबा उठून बसले. "अन् तू मले म्हटलं होतं," ती म्हणाली, अन् माझ्याच चढ्या सुरात, पण हळू आवाजात, माझेच शब्द मले ऐकवले. "'मोडली ना झोप त्यायची! आता प्लांटात त्यायले काही झालं, तर तुझ्यामुळं होईन!' मंग झालं ना आई. झालंच ना."

आमच्याकडच्या साऱ्या आया असं म्हणतात. माझी शेजारीण म्हणते, तिची जाऊ म्हणते. झोप न झालेला माणूस तापलेल्या लोखंडाजवळ उभा राहते, भीती खरी असते, अन् लेकरायले चूप करण्यासाठी ती भीती आम्ही त्यायच्या अंगावर फेकतो. मले तर ते म्हटल्याचं आठवतही नव्हतं. खूप ताण दिला तेव्हा ताटाचा आवाज थोडासा आठवला, अन् माझा हात उगारलेला आठवला. मी बोलली, अन् संध्याकाळी विसरली. सात वर्षांच्या पोरीनं ते अक्षर न् अक्षर जपून ठेवलं, अन् बाबा पडून राहिले तेव्हा तिले कारण सापडलं.

"नाही वं बाई, नाही!" मी रस्त्यावर मांडी घालून बसली, लोक पाहत होते तर पाहोत. "ताटानं कोणी असं बिमार पडत नाही. मी रागात बोलली होती. खोटं होतं ते."

ती उद्धट नव्हती, कधीच नव्हती. फक्त विचार करून म्हणाली, "पण तू तर नाईट आहे बी म्हणली होती."

मी खोटी ठरली होती, अन् खोट्या बाईनं "तुझ्यामुळं नाही" म्हटलं काय अन् नाही म्हटलं काय. रसवाल्यानं भरून आणलेला गिलास तसाच राहिला. मी तिले स्कुटीवर बसवलं अन् घरी आणलं. डोक्यात एकच होतं, आता हे तिले तिच्या बाबाच्याच तोंडून ऐकू आलं पाहिजे, अन् त्या माणसाच्या तोंडातून तर दिवसात दहा शब्द निघत नव्हते.

आतल्या खोलीचं दार मी उघडलं. ते पलंगाच्या काठावर बसले होते, पाय खाली. गोळ्या सुरू झाल्यापासून दुपारी असे बसत, थोडा वेळ. आजही त्यायच्या गोळ्या चालू आहेत. ड्युटीवर जातात, चांगले महिने असतात, वाईट असतात, अन् वाईट असले का आम्ही वाईट आहेत म्हणतो. पण त्या दिवशी मले हे पुढचं काही माहीत नव्हतं. मी दारातच थांबली. पोरीले म्हटलं, "जा. विचार."

ती पायाच्या बोटांवर चालत गेली. त्यायच्या गुडघ्याजवळ उभी राहिली अन् कानात सांगावं तशी म्हणाली, "बाबा, मी ताट पाडलं होतं. माफ करा."

ते तिच्याकडं पाहत राहिले.

"कोणतं ताट, बाई?"

"मोठं. दिवाळीच्या अगोदर. तुमची खरी नाईट होती. तुम्ही उठून बसले होते."

त्यायनं कपाळाले आठ्या घातल्या. खरंच आठवून पाहत होते, मले दिसत होतं, त्या थकलेल्या डोक्याले जेवढं जमन तेवढं. "मले नाही आठवत," ते म्हणाले. "पाणी प्याले उठलो असन." मंग थांबून थांबून, एकेक शब्द उचलून आणल्यासारखं, "तुझ्या आवाजानं माझी झोप कधी मोडली नाही. मले बरं वाटे. तू तिकडं बडबड करत राहे, मले इकडं झोप लागे." हात उचलला, तिच्या डोक्यावर ठेवला. "आता कावून नाही येत तुझा आवाज? मले वाटलं तू आजीकडं गावाले गेली."

पोरगी हालली नाही. त्यायचा हात डोक्यावर तसाच ठेवून तिनं मान वळवली अन् दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं पाह्यलं.

"आई, मंग मी एवढे दिवस उगाच चूप राहिली का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. नाही गं माझी राणी, तू किती शहाणी, तुझ्यामुळं बाबायले आराम मिळाला. असं गोड, घडी घातलेलं. ते जिभेवर आलं होतं, अन् मी ते गिळलं.

"हाव," मी म्हटलं. "उगाच राहिली. माझ्यामुळं."

ती मटकन खाली बसली, अन् रडाले लागली. तोंड उघडं, डोळ्यातून पाणी, सारं अंग हलून राहिलेलं, पण आवाज नाही. मी जाऊन तिच्याजवळ बसली, तिचे बाबाही कसेबसे पलंगावरून खाली उतरून बसले. आम्ही दोघं तिले म्हणत राहिलो, रड बाई, जोरानं रड, पूर्ण लाइनीले ऐकू जाऊ दे. पण तिले ते जमलं नाही.